वीस मिनिटांची ब्राउनी

ओव्हन खोटं बोलतो, हे मिस्त्रींचं आवडतं वाक्य. गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी ते हे वाक्य म्हणणार, आणि समोरची बाई "म्हणजे?" म्हणाली की यांची गाडी सुटलीच. "बाई, या बटणावर एकशे ऐंशी लिहिलंय. लिहिणाऱ्याचं काय जातंय? आत किती आहे ते आत बघितल्याशिवाय कळत नाही." मग पिशवीतून थर्मामीटर निघायचा, जाळीवर उभा राहायचा आणि पाव तासाने मिस्त्री दार उघडून मोठ्या थाटात आकडा वाचून दाखवायचे. दोनशे पाच. एकशे बावन्न. असेल तो. बाईंचा केक तीन वर्षं का करपतोय याचा निकाल तिथल्या तिथे लागायचा आणि वर दोन शब्द ऐकवले जायचे, की इतके दिवस काय झोपला होतात का.

एकतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. बेकऱ्या, खानावळी, वसतिगृहांची स्वयंपाकघरं, नव्या इमारतींमधले चकचकीत ओटे, सगळीकडे त्यांचा वावर. हाताला यश होतं, ते त्यांचे वैरीसुद्धा कबूल करतील. जिभेला मात्र हाड नव्हतं. दुसऱ्याचं चुकलेलं दाखवून देण्यात त्यांना जे सुख मिळायचं ते जेवणातही मिळत नसे.

असा हा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या घरातला ओव्हन नऊ वर्षं बिघडलेला! मिस्त्रीणबाईंनी सुरुवातीला विनवण्या केल्या, मग भांडणं केली, मग नाद सोडला. "अहो, जरा बघा ना, जे घालावं ते करपतंय." "बघतो रविवारी." नऊ वर्षांत किती रविवार येतात ते तुम्हीच मोजा. दिवसभर लोकांच्या ओव्हनमध्ये डोकं घालून आल्यावर घरच्या ओव्हनकडे बघायचंही जिवावर येतं, असं मिस्त्री सांगायचे. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की घरी कुणी "वा मिस्त्री!" म्हणणार नव्हतं.

काम होतं दहा मिनिटांचं. ओव्हनच्या आत, मागच्या भिंतीला पेन्सिलीएवढी एक तांब्याची कांडी असते. आपल्या पोटात किती गरम आहे ते ओव्हनला या कांडीवरून कळतं. ती चिमट्यातून निसटून मागच्या थंड कोपऱ्यात पडली की ओव्हनला वाटतं, अजून पुरेसं तापलं नाही, आणि तो तापतच राहतो. घरच्या ओव्हनचं हेच झालं होतं. एकशे ऐंशीवर ठेवला की तो दोनशे पाचच्या वर जायचा. कांडी उचलून चिमट्यात बसवायची, एक स्क्रू जरा पिळायचा, झालं. मिस्त्रींना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

या ओव्हनवर त्यांची लेक ब्राउनी करायला शिकली.

लेक एकुलती एक, सत्तावीस वर्षांची. घरात हिच्या तोंडाला तोंड देणं कठीण, पण चार परकी माणसं समोर बसली की दातखीळ बसायची. शिक्षिकेचा कोर्स तिने मन लावून केला. शेवटच्या परीक्षेला वर्गात धडा घ्यायचा होता, परीक्षक मागच्या बाकावर. ही फळ्यापाशी खडू हातात धरून उभी राहिली ती उभीच राहिली. मुलं खुसुखुसू हसायला लागली तेव्हा खडू ठेवून बाहेर निघून आली. पुढे दोन मुलाखतींत तोच प्रकार. मग तिच्या मावशीने पार्सल ऑफिसात तिच्यासाठी शब्द टाकला. मागच्या खोलीत बसून पुड्यांवर पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. "तिथे कुणाशी बोलायची पाळीच येत नाही," मावशी म्हणाली. चांगल्या मनाने म्हणाली, पण ते लेकीला झोंबलं. "मला इतक्यात मागच्या खोलीत नाही जायचं," एवढंच बोलून तिने विषय मिटवला.

ब्राउनीचं वेड लागलं ते एका दुकानातली ब्राउनी खाऊन. तिला ती भुशासारखी लागली आणि याहून बरी आपण करू असं ती म्हणून गेली. ते म्हणणं खरं करायला दोन वर्षं लागली. मोबाईलवर रेसिप्यांना तोटा नाही. जो तो म्हणणार, हीच जगातली सर्वांत चांगली, यानंतर दुसरी शोधायची गरज नाही. आधी रेसिपी लिहिणाऱ्या बाईचं बालपण, मग तिचा कुत्रा, मग नवऱ्याचं कौतुक, साहित्याच्या यादीपर्यंत पोचता पोचता अंगठा दुखून यायचा. पहिली रेसिपी केली तर निघाला केक. दुसरीची वीट झाली. तिसरीत तेल वर तरंगलं. एका रेसिपीत बीट घालायला सांगितलं होतं, त्या ब्राउनीबद्दल घरात पुन्हा कधी कुणी काही बोललं नाही. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं, भाजायची तीस मिनिटं. आणि तीस मिनिटांत हिच्या ब्राउनीचा कोळसा ठरलेला.

लेक हटली नाही. कोको बदलला, साखर बदलली, अंडी कमी केली, वाढवली. चौकटीच्या वहीत एकेक प्रयोग तारखेसकट लिहून ठेवला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा तिचा नियम. शेवटी सापडली. लोणी आणि चॉकलेट एकत्र वितळवायचं, अंडी आणि साखर पांढुरकी दाट होईपर्यंत फेटायची, मैदा जेमतेम मिश्रण धरून ठेवण्यापुरता, चिमूटभर मीठ, आणि एकशे ऐंशीवर बरोबर वीस मिनिटं. खाली दोन रेघा. बाहेर काढताना मधे जराशी थरथरायची, थंड होता होता बसायची. वर कागदाएवढा पातळ, चकाकणारा पापुद्रा, आत मऊ. पहिल्यांदा जमली तेव्हा मिस्त्रीणबाईंनी ओट्यापाशी उभ्याउभ्या तीन तुकडे संपवले.

"बाबा, गंमत बघा," लेक त्या दिवशी म्हणाली, "सगळे तीस मिनिटं सांगतात. माझी विसात होते."

"छान," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी आणखी एक तुकडा उचलला.

परक्या घरात कुणी हे वाक्य बोललं असतं ना, तर मिस्त्री तुकडा खाली ठेवून ओव्हनकडे धावले असते. तीसच्या जागी वीस? बाई, तुमचा ओव्हन खोटं बोलतोय! पण बोलणारी घरची, ओव्हन घरचा, आणि घरी मिस्त्रींचे कान बंद असायचे. मला या माणसाचा राग येतो तो इथे.

शेजारणीने दोन तुकडे कॉफीच्या दुकानाच्या मालकिणीला नेऊन दिले, आणि तिसऱ्या दिवशी ती मालकीण स्वतः घरी आली. सडेतोड बाई, पण मनाने सरळ. म्हणाली, "शनिवारी चार वाजता अख्खा टिन घेऊन ये. माझे दोन भागीदार येणार आहेत, त्यांच्यासमोर कापू. त्यांना आवडली तर दुकानातली ब्राउनी रोज तुझी. पहिले आठ-पंधरा दिवस तू काउंटरवर उभं राहून गिऱ्हाइकांशी बोलायचं. जमेल?"

लेक मान खाली न घालता "जमेल" म्हणाली. दोन वर्षांत त्या वहीने हिच्यात काय भरलं होतं ते आईबापाला तेव्हा दिसलं.

शुक्रवारी मायलेकी नवा टिन आणायला बाजारात गेल्या. मिस्त्री घरी एकटेच होते, आणि त्यांना एकदम भरून आलं. पोरीने एवढं केलं, आपण काय केलं? नऊ वर्षं जे झालं नाही ते त्यांनी त्या दुपारी केलं. ओव्हन पुढे ओढला, मागचं पत्र्याचं झाकण उघडलं, कांडी चिमट्यात बसवली, स्क्रू पिळला, थर्मामीटर लावून तीनदा तपासलं. एकशे ऐंशीला एकशे ऐंशी. एक अंश इकडे नाही की तिकडे नाही. पत्रा लावला, ओव्हन जागेवर ढकलला, पिशवी खुंटीला अडकवली. सांगायचं मात्र नाही असं ठरवलं. उद्या सगळे वाहवा करतील, मग आपण खाकरून म्हणायचं, ओव्हन कुणी नीट केला तेही विचारा. हे वाक्य त्यांनी मनात दोनदा म्हणूनसुद्धा पाहिलं.

शनिवारी लेकीने घड्याळ लावून वीस मिनिटांनी टिन बाहेर काढला. काडी टोचून बघायची तिची रीत नव्हती, पापुद्रा फुटतो म्हणून. मधे थरथरत होतं, ते नेहमीचंच.

"आज वरून जरा निस्तेज दिसतेय का गं?" आईने विचारलं.

"टिन नवा आहे ना आई. थंड झाली की नीट दिसेल."

दुकान दोन गल्ल्या पलीकडे. टिन मिस्त्रींनी हातात घेतला, दुसऱ्या कुणाला धरू दिला नाही. वाटेत तो हातात जरा हिंदकळला, आतला माल जिथल्या तिथे बसलेला नाही असं काहीतरी हाताला कळलं, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. दुकानात दोन भागीदार टेबलाशी बसले होते. लेकीने नमस्कार केला आणि न अडखळता सांगितलं, यात काय आहे, कशी केली, किती प्रयोग केले. एक भागीदार हसून "अरे वा" म्हणाला. मिस्त्री दाराशी उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मालकिणीने सुरी घातली. कडेला पापुद्रा मोडला. सुरी मधे आली आणि सरळ बुडाली. ती तुकडा उचलायला गेली तर मधला भाग चिखलासारखा टेबलावर सांडला. भागीदाराने आपली वही उचलून बाजूला घेतली.

मिस्त्रींना त्या क्षणी सगळं कळलं. वीस मिनिटं. दोनशे पाच. काल दुपार. एकतीस वर्षांत इतकं झटकन निदान त्यांनी कधी केलं नव्हतं. आणि एक वाक्य पुरेसं होतं. "बाई, चूक माझी आहे, काल मी ओव्हनला हात लावला, तिला आणखी एक संधी द्या." मालकीण वाईट नव्हती, तिने दिली असती. पण लोकांच्या चुका सांगायला सरावलेली ती जीभ टाळ्याला चिकटली. चारचौघांत स्वतःचं सांगायचं? घरी गेल्यावर सांगू, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

"कडा छान झाल्यात," मालकीण म्हणाली, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. "बघू पुन्हा कधीतरी."

लेक फळ्यापाशी उभी राहिली होती तशीच तिथे उभी राहिली. मग तिने कागदाने टेबल पुसलं, अगदी स्वच्छ पुसलं, आणि टिन उचलला.

घरी गेल्यावर मिस्त्रींनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोरीचं दुःख ताजं आहे, जरा निवळू दे. मग आठवडा गेला, आता एवढ्या उशिरा कसं सांगायचं? मूग गिळून बसायला माणसाला रोज नवं कारण सापडतं. कॉफीच्या दुकानात दुसऱ्या कुणाची ब्राउनी ठेवायला सुरुवात झाली. लेकीने टिन कपाटावर टाकला, मावशीला फोन केला, "मावशी, ती जागा आहे का अजून?" जागा होती. पुढच्या सोमवारपासून यायचं ठरलं.

सोमवार चार दिवसांवर आला तेव्हा मिस्त्रींना राहवेना. आणि त्यांना एक युक्ती सुचली. सांगायचं कशाला? ओव्हन होता तसा करून ठेवायचा! पोरीने पुन्हा करून बघितली, झकास झाली, की तिचा तिला धीर येईल. दुकानं काय, छप्पन्न मिळतील. आपल्यालाही तोंड उघडायला नको. मायलेकी बाहेर गेल्या तशी त्यांनी पुन्हा पत्रा उघडला आणि नीट बसवलेली कांडी स्वतःच्या हाताने चिमट्यातून काढून कोपऱ्यात ढकलली. स्क्रू उलटा पिळला. आयुष्यात पहिल्यांदा चांगली चीज बिघडवली, आणि तेही काम चोख केलं.

"बाळा, ब्राउनी कर ना एकदा," रविवारी सकाळी ते म्हणाले. "खावीशी वाटतेय."

"नको बाबा."

"माझ्यासाठी."

तिने केली. तोच टिन, तीच वही, तीच वीस मिनिटं. थंड झाल्यावर सुरी फिरवली तर पापुद्रा कुरकुर वाजला आणि तुकडा जसाच्या तसा उचलला गेला. मिस्त्रींनी टाळी वाजवली. "बघ! बघ! जमली की नाही? अगं, तुझ्या हातात जादू आहे!"

लेकीने एक तुकडा खाल्ला. सावकाश खाल्ला. मग सुरी धुवायला नळाखाली धरली.

"हो. जमली," ती म्हणाली. "मी उगाच नव्या टिनला बोल लावत होते. टिन तोच, रेसिपी तीच, ओव्हन तोच. मग त्या दिवशी वेगळं काय होतं बाबा? ती चार माणसांसमोर न्यायची होती, एवढंच. म्हणजे काहीतरी मीच चुकवलं, आणि चुकवलं ते मला कळलंसुद्धा नाही. घरच्यांसाठी जमतं मला. बाहेरच्यांसाठी नाही जमत. बरं झालं तुम्ही करायला लावली. उद्यापासून मनात किंतू राहणार नाही."

पोरीजवळ स्वतःला वाचवायला एक टिनाचं कारण शिल्लक होतं, तेही मिस्त्रींनी काढून घेतलं होतं. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं. शुक्रवार सांगितला, कांडी सांगितली, स्क्रू सांगितला, परवा पुन्हा बिघडवला तेही सांगितलं. वाक्यं उलटसुलट येत होती, स्वतःबद्दल बोलायची सवय नव्हती. मिस्त्रीणबाई दारात येऊन ऐकत होत्या.

लेक सगळं ऐकून घेत होती. तिचा चेहरा हळूहळू मऊ होत गेला.

"बाबा," ती म्हणाली, "नऊ वर्षं आई तुमच्यामागे लागली होती. तुम्ही त्या ओव्हनला बोट लावलं नाही. आणि नेमका त्या शुक्रवारी नीट केलात?"

"देवाशप्पथ!"

"आणि पुन्हा बिघडवलात?"

"हो!"

तिने खुंटीवरच्या पिशवीतून थर्मामीटर काढला, जाळीवर ठेवला, बटण एकशे ऐंशीवर फिरवलं. तिघं ओव्हनपाशी उभी राहिली. पाव तासाने तिने दार उघडलं. दोनशे सहा.

"आहे तसाच आहे," ती म्हणाली.

"अगं, तेच तर सांगतोय! थांब, आत्ता नीट करतो, तू पुन्हा कर, बघ कशी कच्ची राहते ती!"

"तुम्ही मिस्त्री आहात बाबा. ओव्हनकडून तुम्ही हवं ते वदवून घ्याल." ती हसली. टोमणा नव्हता त्यात, खरंखुरं हसली, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कित्येक वर्षांत तिने असा हात ठेवला नव्हता. "खोटं बोलायला येत नाही तुम्हाला. पण माझ्यासाठी बोललात ना. बरं वाटलं."

"अहो, पुरे आता," मिस्त्रीणबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "तिला अजून रडवू नका."

सोमवारी लेक पार्सल ऑफिसात गेली, ती आजही तिथेच आहे. मागची खोली, एक खिडकी, समोर पुड्यांचा ढीग. काम चोख करते, तक्रार नाही. ती वही तिने शेजारणीच्या मुलीला देऊन टाकली. त्या मुलीच्या ओव्हनमध्ये वीस मिनिटांत ब्राउनी होत नाही, आणि ती बिचारी म्हणते की हात पाहिजे तो ताईसारखा.

ती रविवारची गोष्ट मात्र नातेवाइकांत पसरली. लेकीनेच कौतुकाने सांगितली. परवा मावशी चहाला आली होती, चार माणसं होती, आणि तिने सगळ्यांसमोर विषय काढला. "भावोजी, मी तुम्हाला एरवी फटकळ म्हणते, पण पोरीसाठी तुम्ही सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंत! ओव्हन मीच नीट केला, मीच बिघडवला म्हणे! ऐकून मला रडू आलं. असा बाप मिळायला भाग्य लागतं."

सगळ्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. लेकही पाहत होती, मायेने. मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. खरं काय ते पुन्हा एकदा सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मावशीचं बोलणं त्यांना ऐकायला गोड वाटलं होतं.

"आता बापाने एवढंही करायचं नाही का?" ते म्हणाले.